मेनचं नाव बदलून भागत नाही
एका लेखात म्हटलंय की कमांड-लाइन प्रोग्राम (टाइप केलेल्या आज्ञेवर चालणारा) मोबाइल ॲपमध्ये वापरायचा तर त्याच्या मेन फंक्शनचं, म्हणजे जिथून तो सुरू होतो त्या भागाचं, नाव बदलून ते थेट ॲपमधून बोलावलं की झालं. हे अजिबात पटलं नाही. असे प्रोग्राम एकदा चालून संपण्यासाठीच लिहिलेले असतात. मेमरी सोडणं, फाइली बंद करणं ही कामं ते बऱ्याचदा ऑपरेटिंग सिस्टिमवर टाकून मोकळे होतात.

निपाणीतल्या एका फोटो स्टुडिओच्या अँड्रॉइड ॲपमध्ये मी एफएफएमपेग (व्हिडिओवर काम करणारा कमांड-लाइन प्रोग्राम) असंच बसवलं होतं. हळदीची क्लिप ९० अंशांत फिरवायची होती, ती नीट फिरली. पाठोपाठ दिलेली वरातीची सरळ क्लिपही आडवी झाली, कारण ग्लोबल व्हेरिएबल्समध्ये (ॲप चालू असेपर्यंत टिकणाऱ्या मूल्यांमध्ये) आधीचेच पर्याय शिल्लक होते. मग एक अर्धवट कॉपी झालेली फाइल आली, आत एक्झिट (अख्खी प्रोसेस संपवणारं फंक्शन) बोलावलं गेलं आणि अख्खं ॲपच बंद पडलं, स्क्रीनवर एररही नाही. लाँगजंपने (मधूनच आधीच्या जागी उडी मारून परतण्याच्या सी भाषेतल्या सोयीने) ते अडवलं, पण उघड्या फाइली तशाच पडून राहिल्या. शेवटी एफएफएमपेगची बायनरी (थेट चालवता येणारी फाइल) ॲपच्या नेटिव्ह लायब्ररी फोल्डरमध्ये ठेवून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवली (एपीआय २९, म्हणजे अँड्रॉइड १०, टार्गेट केलं की ॲपच्या डेटा फोल्डरमधून चालवता येत नाही). आयओएसवरच्या ॲपला तर चाइल्ड प्रोसेसच, म्हणजे स्वतःची वेगळी प्रोसेस, सुरू करता येत नाही. तिथे प्रत्येक एक्झिट आणि प्रत्येक स्टॅटिक व्हेरिएबल (जुनं मूल्य धरून ठेवणारं) हाताने शोधावं लागतं.