कंट्रोल सुटतो तेव्हा

प्रत्येक खानदानात एकाला कॉम्प्युटरमधलं कळतं. म्हणजे असं इतरांचं मत असतं. आमच्याकडे हा मान माझा आहे आणि तो मिळवायला मी काहीही केलेलं नाही. कधीतरी कुणाच्या तरी घरी अडकलेलं मशीन मी बंद करून परत चालू केलं, ते चाललं, आणि बघणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. तेव्हापासून प्रिंटर कागद का गिळतो इथपासून ते व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस आडवा का दिसतो इथपर्यंतचे सगळे प्रश्न माझ्या खात्यावर जमा होतात.

त्यातले निम्मे मामांचे. मामा आयुष्यभर हिशेबनीस होते, त्यामुळे कागदावरच्या प्रत्येक आकड्याचा ते जाब विचारतात. स्क्रीनवरच्या मजकुराबाबत मात्र त्यांचं धोरण एकदम उदार आहे.

"एक चौकट आली होती, मी ओके केलं. तेव्हापासून बिघडलंय."

"काय लिहिलं होतं चौकटीत?"

"ओके."

"त्याच्या वर काय होतं, मामा?"

"होतं काहीतरी बारीक अक्षरात. अरे, ओके करायच्या आधी वाचत बसतं का कुणी?"

"बरं, आता समोर काय दिसतंय?"

"सगळं दिसतंय. नेहमीचंच. तेच तर सांगतोय ना, चालत नाहीये!"

पण त्यांचे काही प्रश्न बिनतोड असतात. एक टेराबाइटची डिस्क आणली, जोडली, तर विंडोज म्हणे ९३१ जीबी. वरचे ६९ गेले कुठे? हे हिशेबनिसाच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. खरं उत्तर असं की डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. बाइटवरून गीगाबाइटपर्यंत चढताना हा फरक तीनदा पडतो आणि दर वेळी थोडं थोडं गळतं. तीच डिस्क मॅकला लावा, पूर्ण एक टेराबाइट दाखवेल, कारण २००९ पासून मॅकही हजारानेच मोजतो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माप मारतायत हे नक्की. कोण मारतंय तेवढंच ठरत नाहीये."

मग त्यांनी विचारलं की सी ड्राइव्ह आहे, तर ए आणि बी कुठे आहेत? ते फ्लॉपीचे होते, मी म्हटलं. फ्लॉपी गेल्या, अक्षरं राखीव राहिली. मामांना हे लगेच पटलं. त्यांच्या कचेरीत एका निवृत्त साहेबांची खुर्ची अशीच होती म्हणे.

या असल्या प्रश्नांमुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. कॉम्प्युटरमधल्या कुठल्याही तऱ्हेवाईक गोष्टीला 'का' म्हणून विचारा, उत्तर किमान चाळीस वर्षं मागे जातं. विंडोजमध्ये फोल्डरला सी-ओ-एन, 'कॉन', एवढंच नाव देऊन बघा. देता येत नाही. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या, काळात ते नाव कीबोर्ड आणि पडद्याच्या जोडीला दिलेलं होतं, ते अजून सुटलेलं नाही. फायलीच्या पत्त्यात विंडोज उलटी तिरपी रेघ मारतं आणि बाकीचे सुलटी, कारण १९८३ साली डॉसमध्ये फोल्डर आले तेव्हा सुलटी रेघ आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेली होती. तेव्हा कुणीतरी काहीतरी ठरवलं आणि संध्याकाळी घरी गेला. निस्तरतोय आपण.

तर मामांचा लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि त्याच्या पुष्कळ आधीपासून मामांच्या स्क्रीनवर तशा सूचना येत होत्या. मामा त्यांना ओके करत होते. लॅपटॉपची तब्येत ठणठणीत. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर ठराविक यादीत असावा लागतो. मामांचा प्रोसेसर यादीत नव्हता.

"म्हणजे चालतोय, पण चालायचा नाही?" मामा.

"हो."

"निवृत्तीचं पत्र आलंय म्हण की!"

मी म्हटलं, आपण लिनक्स टाकू. आता नवीन ऑपरेटिंग सिस्टिम पटवून द्यायची तर थोडा इतिहास सांगावा लागतो. लिनस टॉर्वल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलं की आपण हौस म्हणून एक सिस्टिम लिहितोय, फार मोठी काही होणार नाही. आज जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी काढली तर पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात. २०१७ पासून त्या यादीत दुसरं कुणी घुसलेलंच नाही. हे मी जरा आवाज चढवून सांगितलं.

"त्यातल्या एकाला तरी माझा स्कॅनर जोडलेला आहे का?" मामांनी विचारलं.

लिनक्सचे प्रकार अनेक, त्यामुळे टाकायचं ठरलं तरी 'कोणतं' हा प्रश्न राहतो, आणि तो लिनक्सवाल्यांच्या घोळक्यात विचारू नये. एकाने डेबियन सांगितलं. दुसरा म्हणाला फेडोरा, आणि डेबियनबद्दल बोलणं टाळलं. तिसऱ्याने आर्च सांगून 'पण तुला झेपायचं नाही' अशी पुस्ती जोडली. मी मिंट निवडलं. कारण तांत्रिक वगैरे काही नाही. मिंटचा मेनू डाव्या कोपऱ्यात खाली असतो आणि मामांचा माउस सवयीने तिथेच जातो.

हे टाकण्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करणं. बटण दाबल्यावर कंपनीचं चिन्ह दिसतं ना, तेवढ्या अवधीत एक विशिष्ट कळ दाबायची. ती एफ-२ असते, एफ-१२ असते, एस्केप किंवा डिलीट असते, लॅपटॉपगणिक वेगळी. कोणती ते पडद्याच्या तळाशी लिहिलेलं असतं, पण डोळे तिथे पोचेपर्यंत ती ओळ निघून जाते, आणि मग शांतपणे विंडोज सुरू होतं. ते पूर्ण सुरू होऊ द्यायचं, पूर्ण बंद करायचं, परत बटण. म्हणून जाणती माणसं वरच्या रांगेतल्या सगळ्या कळा पेटी वाजवावी तशा दोन्ही हातांनी वाजवत सुटतात. मामा मागे हात बांधून उभे होते.

"ठरवून दाबतोयस की नुसताच?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही, कारण तेवढ्यात मिंट उगवलं. मिंटची एक फार सभ्य गोष्ट म्हणजे ते आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. मामा बसले, इकडेतिकडे माउस फिरवला आणि पहिला प्रश्न टाकला, "पत्ते कुठायत?" पंचेचाळीस मिनिटं मी सुरक्षा, वेग, स्वातंत्र्य यावर बोलत होतो. १९९० साली विंडोजबरोबर पत्ते आले आणि बहुसंख्य माणसांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे तेच, हे मला आधी कळायला हवं होतं.

पुढे 'डिस्क पुसून टाकू की विंडोजच्या शेजारी बसू' असा प्रश्न आला. इथे मामांमधला हिशेबनीस जागा झाला. जुनी वही कधी फाडायची नाही. "असू दे विंडोज बाजूला. काय खायला मागतंय का?"

खायला मागत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी घड्याळ बिघडलं. मामांचा फोन आला की दुपार झाली आहे आणि कॉम्प्युटर अजून पहाटेत आहे. बॅटरी गेली, व्हायरस आला, सगळे तर्क त्यांनी स्वतःच लढवून ठेवले होते. खरी भानगड अशी असते की लॅपटॉपच्या आत एकच घड्याळ. विंडोज समजतं की त्यात स्थानिक वेळ लिहिलेली आहे. लिनक्स सहसा समजतं की त्यात जागतिक प्रमाणवेळ, यूटीसी, आहे. लिनक्स जाताना आपल्या पद्धतीने काटे फिरवून ठेवतं, विंडोज आल्यावर ते वाचून गोंधळतं, इंटरनेटवर खरी वेळ विचारून आपल्या पद्धतीने काटे फिरवतं, की पुन्हा लिनक्सची पंचाईत. दोघेही अत्यंत प्रामाणिकपणे वेळ दुरुस्त करत असतात. तुमचं गाव ग्रीनिचपासून जितके तास लांब, तितक्या तासांचा घोळ. लिनक्सला एका आज्ञेने 'बाबा, तूच पड घे' असं सांगता येतं, आणि तेच केलं.

मग मिंट मामांच्या विंडोजमधल्या फायली नुसत्या दाखवायला लागलं, त्यात काही लिहू देईना. याचं कारण मला फार आवडतं. विंडोज ८ पासून बऱ्याच मशीनवर 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि पडी मारतं. पूर्ण बंद होतं ते 'रीस्टार्ट' म्हटल्यावर! म्हणजे बंद करायचं असेल तर चालू कर म्हणायचं. आणि कुणी झोपलेलं असताना त्याच्या फायलींत खाडाखोड करायची नाही, एवढा विवेक लिनक्सकडे असतो. मी सेटिंगमध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप'वरची बरोबरची खूण काढली. मामांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी रात्री बंद करत होतो, ते..." मी विषय बदलला.

पासवर्डचं त्यांनी निभावलं. लिनक्सच्या काळ्या खिडकीत, म्हणजे जिथे आज्ञा टाइप करतात त्या टर्मिनलमध्ये, पासवर्ड लिहिताना रूढीप्रमाणे काहीच उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. नवखा माणूस कीबोर्ड उलटा करून झटकायला लागतो. मिंटवाल्यांनी कनवाळूपणे तिथे तारे दाखवायची सोय केलेली आहे. माझ्या स्वतःच्या लिनक्सवर ती नाही.

कारण माझी गोष्ट मामांहून वाईट आहे. घरी लिनक्स, ऑफिसने दिलेला मॅक, आणि नातेवाइकांकडे विंडोज. बुद्धीला फरक कळतो. करंगळीला कळत नाही. कॉपी-पेस्टची कल्पना लॅरी टेस्लर यांनी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात रुजवली, आणि झेड-एक्स-सी-व्ही ही अक्षरं आता सगळीकडे तीच आहेत. पण अक्षरं तीच ठेवून सोबतची कळ बदलणं, हा खरा सूड आहे. विंडोजवर करंगळीने कंट्रोल. मॅकवर अंगठ्याने कमांड. लिनक्सवर करंगळी चालते, फक्त काळ्या खिडकीत कंट्रोल-सी केलं की कॉपी होत नाही, चालू असलेलं काम मरतं. तिथे कॉपीला शिफ्टही लागतो. मॅकवर कंट्रोल-ए दाबला की सगळा मजकूर निवडला जाण्याऐवजी कर्सर गुमान ओळीच्या सुरुवातीला जाऊन उभा राहतो. आणि कंट्रोल-के ओळीचा उरलेला भाग गडप करतो. सांगतसुद्धा नाही.

बरं, कमांडवरचं ते चार फासांचं चिन्ह. स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळ दाखवायला वापरतात, तिथून सुझन केअर यांनी ते मॅकसाठी उचललं. मीही ती कळ बऱ्याचदा नुसती पाहत बसतो.

मॅकवर फायलीवर जाऊन एंटर मारला तर फाइल उघडत नाही, तिचं बारसं सुरू होतं. लाल गोळी दाबली तर खिडकी मिटते, पण बऱ्याचदा कार्यक्रम आत चालूच राहतो. फाइल 'कट' करायची सोय तिथे नाही. आधी कॉपी करायची आणि ठेवताना ऑप्शनची कळ जोडीला दाबून 'आता मूळ जागेवरून उचल' असं सांगायचं. याला तर्क आहे, तो मला मान्यही आहे. रात्री घरी आल्यावर मात्र मी लिनक्सवर अंगठ्याने कॉपी करायला जातो, तर ऑल्टची कळ दाबली जाते आणि कॉपी काही होत नाही. खिडकी बंद करायला डावीकडे वर जावं, तर तिथे काही नसतं.

मामांना असलं काही होत नाही. ते एकाच बोटाने टाइप करतात आणि कॉपी-पेस्ट उजव्या बटणाने, मेनू नीट वाचून करतात. कुठल्याही सिस्टिमवर त्यांचा वेग अगदी तोच. मिंटवर आठवडाभराने त्यांचा अभिप्राय आला की विंडोजचा रंग बदललेला दिसतोय, बाकी ठीक आहे. स्कॅनरही पहिल्या झटक्यात चालला, ज्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं, कारण बोलायला विषय उरला नाही.

मामी मात्र पहिल्यापासून विरोधात. "मला नको बाई तुमचं ते लिनक्स. माझं मी फोनवर बघते, फोन कसा बिनबोभाट चालतो."

"मामी, तुझा फोन अँड्रॉइड आहे ना? त्याच्या गाभ्यात लिनक्सच असतं. आपल्या सगळ्यांत जास्त वर्षं तूच लिनक्स वापरतेयस."

मामीने फोन उलटसुलट करून पाहिला. मामांकडे एक नजर टाकली. मग माझ्या हातात देत म्हणाली, "असं होय? मग बघ बरं जरा, यात जागा संपली म्हणून चौकट येतेय. मी सारखं ओके करतेय."