बार्न्सचा अर्धा दाखला

मार्चच्या सुरुवातीला लंडनच्या बार्न्समधल्या पाणथळ केंद्रात दुर्बीण हातमोजे घालूनच धरावी लागते. परवा तिथे पक्षी बघायच्या लपणात बसलो होतो. हिवाळी पाहुणे असलेली थापटे बदकं अजून उत्तरेला निघालेली नव्हती. तुरेवाल्या टिबुकल्यांची जोडी समोरासमोर येऊन माना हलवत होती, लग्नाची बोलणीच ती. आणि वारकरी भांडत होते. कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे आपण या पक्ष्याला हे नाव दिलं खरं, पण स्वभाव वारीला नेण्यासारखा नाही.

तेवढ्यात नेरूळहून भाच्याचा मेसेज आला. पाणथळीवर घरं की फ्लेमिंगो, हा वाद तिकडे पुन्हा पेटलाय. ‘मामा, तुमच्या लंडनमध्येही बिल्डरच्याच पैशातून पक्ष्यांना जागा मिळाली ना? मग इथे काय बिघडतं?’

अर्धं बरोबर आहे. इथे व्हिक्टोरियन काळातले पाणीपुरवठ्याचे चार काँक्रीटचे तलाव होते. ते निकामी झाले, तेव्हा जागेच्या एका भागावर घरं झाली आणि त्या पैशातून 2000 साली सुमारे 40 हेक्टरची पाणथळ उभी राहिली. पण घरांसाठी इथे जिवंत दलदल बुजवली नाही. उलट काँक्रीट फोडून नवी दलदल केली. नेरूळला नेमकं उलटं करायचं चाललंय.

इंग्रज फार शहाणे, असंही नाही. पूर्व इंग्लंडमधल्या अफाट दलदली त्यांनी 17व्या शतकापासून उपसून शेतं केली. आता उरलंसुरलं जपतात, आणि ते बघायला मी तिकीट काढतो.

ठाणे खाडी कोणी बांधलेली नाही. 2015 मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, नाव गेलं. पण फ्लेमिंगोला यादी वाचता येत नाही. ओहोटीला तो खाडीच्या चिखलात चरतो, भरती आली की नेरूळसारख्या काठच्या तलावांत येऊन उभा राहतो. अभयारण्याची हद्द खाडीशी संपते, त्याचा दिवस संपत नाही. तलावात येणारं भरतीचं पाणी अडवलं, तर भराव न घालताही तलाव मरतो.

एवढं सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, ‘ते ठीक, पण डासांचं काय?’

अरे, पाणी साचलं की डास होतात. भरती आत येऊ दे, तिच्याबरोबर अळ्या खाणारे मासेही येतील.