‘खिशात पैसा नसला तरी घर घ्या’: माझ्याच जुन्या पोस्टबद्दल खुलासा

आर्थिक ओढाताणीतून नुकतंच सावरलेल्यांनीही संपूर्ण कर्जावर घर घ्यावं, हप्ता भाड्यातून परस्पर फिटतो, असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं आणि अजून फिरतंय.

भाडं बारा महिने येईलच असं नसतं. वर्षात एकच महिना घर रिकामं राहिलं, तरी ८ टक्क्यांहून जास्त उत्पन्न बुडतं. कर, विमा, दुरुस्ती वेगळी. हा हिशेब मी तेव्हा मांडलाच नव्हता. आता कागदावर मांडला आणि पोस्ट उघडी पडली. त्यात पूर्ण किंमत कर्जाची असेल आणि सुरुवातीलाच भाव १० टक्क्यांनी उतरले, तर घर विकूनही कर्ज उरतं. थकलेल्या हप्त्यांची नोंद पत-अहवालात (आपल्या कर्जफेडीच्या इतिहासात, म्हणजे क्रेडिट रिपोर्टमध्ये) असते, म्हणून कर्ज मिळालंच तर व्याज सहसा चढं. (मी स्वतः थकबाकी भोगलेली, तरी हे विसरलो!)

हा हिशेब शिकायला मात्र घर घ्यावं लागत नाही. विक्रीच्या जाहिराती घेऊन भाडं, खर्च, हप्ता यांची आकडेमोड करत राहा. तोवर काही महिन्यांचा घरखर्च बाजूला पडू द्या.

जुनी पोस्ट मी काढली आहे. कुणाकडून आली तर पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्याला हा खुलासा द्या.