नाळेत नळी आहे, म्हणून अँटिबायोटिक?

नवजात बाळाच्या नाळेतून लाइन, म्हणजे रक्तवाहिनीत जाणारी बारीक नळी, टाकली की लगेच ‘कव्हर’ म्हणून अँटिबायोटिक सुरू करायचं, ही सवय मला अजिबात पटत नाही. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काम करणाऱ्या काही मित्रांना राग येईल. येऊ दे.

ज्यांचा या खोलीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हातापायाच्या शिरा दोऱ्याएवढ्या, सुई घालायची कुठे? नाळेत मात्र दोन धमन्या आणि एक शीर असते आणि जन्मानंतर काही दिवस त्यांतून आत जाता येतं. शिरेतली लाइन म्हणजे यूव्हीसी. तिच्यातून ग्लुकोज, औषधं, शिरेवाटे द्यायचं पोषण जातं. धमनीतली यूएसी, ती रक्तदाब बघायला आणि पुन्हा पुन्हा न टोचता रक्त घ्यायला. तिचं टोक थेट महाधमनीत, तर यूव्हीसीचं हृदयाच्या तोंडाशी. म्हणजे भीती खोटी नाही. बाहेरून जंतू शिरला तर तो सरळ रक्तात.

पण रोज अँटिबायोटिक दिल्याने तो अडतो का? प्लास्टिकवर जंतू चिकट थर करून बसतात, त्या थरात औषध धड पोहोचत नाही. साधे जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत बुरशी हातपाय पसरते. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था; तिच्या आढाव्यांत या प्रश्नावरचे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि छोटे निघाले. नियमित प्रतिबंधक डोस द्यावा असं म्हणण्याइतका पुरावा त्यांत नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी, तिच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट सांगतात: निव्वळ लाइन आहे म्हणून अँटिबायोटिक देऊ नका, आणि नाळेच्या जागी अँटिबायोटिक मलमही लावू नका.

‘दिलं तर बिघडलं काय?’ हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण आमच्याच शाखेचा इतिहास त्याच्या विरोधात साक्ष देतो. 1956 साली विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत दोन प्रतिबंधक उपचारांची तुलना केली. पेनिसिलिनसोबत सल्फा हे जंतुनाशक औषध मिळालेल्या गटात मृत्यू जास्त झाले. सल्फाने बिलिरुबिनला, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याला, रक्तातल्या प्रथिनावरून ढकलून दिलं होतं आणि कावीळ मेंदूत उतरली होती. तीनच वर्षांनी क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकची तीच कथा. बाळं राखाडी पडून दगावली. दोन्ही वेळा औषध दिलं होतं ते खबरदारी म्हणूनच!

आजची औषधं तितकी घातक नाहीत, मान्य. पण 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एक किलोच्या आतल्या ज्या बाळांचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) स्वच्छ होतं तरी अँटिबायोटिक पाच दिवस किंवा जास्त चाललं, त्यांच्यात आतडं सडण्याचा आजार किंवा मृत्यू जास्त दिसला. हा फक्त संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. जास्त आजारी बाळांनाच औषध जास्त दिवस दिलं जातं, हेही खरं. तरी ‘बिघडलं काय’ म्हणायची हिंमत मला होत नाही.

गल्लत नको. आईला ताप होता, पाणी जाऊन बराच वेळ झाला होता, बाळ धापा टाकतंय, तर कल्चर घ्या आणि पहिला डोस लगेच द्या. ते संशयावरून केलेले उपचार, लाइनशी त्यांचा संबंध नाही. कल्चर 36 ते 48 तासांत स्वच्छ आलं आणि बाळ ठीक असेल, तर थांबवा. लाइन आत आहे म्हणून पुढे ओढू नका.

जंतू अडतो तो हबवर, म्हणजे लाइनच्या बाहेरच्या तोंडावर, जिथे सिरिंज जोडतात. सिरिंज जोडण्याआधी स्पिरिटच्या स्वॅबने ते तोंड नीट घासायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. वाळू देण्याचे ते काही सेकंद रात्री तीन वाजता, शेजारचा मॉनिटर वाजत असताना, फार लांब वाटतात. आणि तिथेच एक सिस्टर कमी असेल तर व्हँकोमायसिनसारखं भारी अँटिबायोटिक काय करणार? दुसरं, लाइन काढणं. सीडीसीच्या त्याच सूचनांत यूएसी शक्यतो पाच दिवसांपलीकडे नको आणि यूव्हीसी फार तर 14 दिवस, तीही गरज असेपर्यंतच. राउंडला मात्र ‘आज ही लागते का?’ असं विचारायचं राहूनच जातं.

बरेचदा अँटिबायोटिक बाळासाठी नसतंच, फाइलसाठी असतं. उद्या कोणी विचारलं तर लिहिलेलं असावं म्हणून. नातेवाईकही विचारतात, ‘डॉक्टर, भारी इंजेक्शन चालू आहे ना?’ त्यांना माझं सांगणं: त्याऐवजी रोज सकाळी विचारा, लाइन कधी काढणार?