‘पायथन आलं की झालं’? बायोइन्फर्मॅटिक्सच्या मास्टर्सबद्दल

‘बायोइन्फर्मॅटिक्सच्या मास्टर्समध्ये दोन वर्षं घालवू नका. पायथन शिका, तयार पाइपलाइन चालवा, डेटा तर फुकटच आहे,’ असा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. बायोइन्फर्मॅटिक्स म्हणजे जीवशास्त्राचा, मुख्यतः डीएनए-आरएनएचा, डेटा संगणकावर तपासणं; पाइपलाइन म्हणजे त्यासाठी एकामागून एक चालणाऱ्या प्रोग्रॅम्सची साखळी. डेटा फुकट आहे, हे खरं. बाकीचं तपासून पाहू.

‘पायथन पुरेसं आहे.’ कोड यायलाच हवा. पण इथल्या महागात पडणाऱ्या चुकांनी प्रोग्रॅम बंद पडत नाही; तो सुरळीत चालतो आणि चुकीचं उत्तर देतो. डीएनएवरचे तुकडे नोंदवणाऱ्या बेड फाइलमध्ये मोजणी शून्यापासून, म्युटेशन्स नोंदवणाऱ्या व्हीसीएफ फाइलमध्ये एकपासून. बेडमधला ९९ ते १०० हा तुकडा म्हणजे व्हीसीएफमधलं १०० वं स्थान. रूपांतर राहून गेलं की प्रत्येक म्युटेशन एका बेसने (डीएनएच्या एका अक्षराने) सरकतं. रेफरन्स बेस (प्रमाण जीनोममधलं त्या जागचं अक्षर) ताडून पाहायची सवय नसेल तर हे कळतही नाही.

‘पाइपलाइन सगळं करते.’ खरी गोम इथे आहे. आरएनए-सेकमध्ये, म्हणजे कुठला जीन किती सक्रिय आहे हे आरएनए वाचून मोजताना, नमुन्यांमधला फरक शोधणाऱ्या डीईसेक२ या सॉफ्टवेअरला कच्चे काउंट्स लागतात: प्रत्येक जीनच्या वाट्याला किती रीड्स (वाचलेले तुकडे) आले, ती संख्या. टीपीएम (प्रमाणात बसवलेले आकडे) दिले तर दशांश बघून ते अडतं; मग लोक आकडे पूर्णांकात बसवून देतात आणि ते मुकाट्याने घेतं. टीपीएममध्ये प्रत्येक नमुन्याची बेरीज दहा लाख केलेली असते. मुळात रीड्स किती होते हे त्यात पुसलं जातं, आणि अनिश्चिततेचा सगळा हिशोब त्यावरच उभा असतो. हे काउंट्स काढणाऱ्या फीचरकाउंट्समध्ये स्ट्रँडचा (रीड डीएनएच्या कुठल्या धाग्याशी जुळते, याचा) पर्याय ०, १ की २, हे लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) कशी बनवली यावर ठरतं. २ च्या जागी १ दिला तर बहुतेक रीड्स कुठल्याच जीनच्या खात्यात पडत नाहीत.

पुढचा प्रश्न संख्याशास्त्राचा. २०,००० जीन्स तपासले आणि पी-व्हॅल्यूची (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याच्या शक्यतेची) मर्यादा ०.०५ ठेवली, तर काहीही फरक नसताना सुमारे १,००० जीन्स ‘महत्त्वाचे’ ठरतील. त्यावर अशा खोट्या निकालांचं प्रमाण आटोक्यात ठेवणारी बेंजामिनी-हॉखबर्गची दुरुस्ती आहे. पण रुग्णांचे सगळे नमुने एका बॅचमध्ये आणि निरोगी लोकांचे दुसऱ्या बॅचमध्ये सीक्वेन्स केले असतील, तर आजाराचा परिणाम आणि बॅचचा परिणाम वेगळे काढणारं सॉफ्टवेअर नाही. ही अडचण प्रयोग आखतानाच सांगावी लागते, आणि सांगणारा माणूस तिथे हवा.

‘घरीच शिकता येतं.’ बरंचसं येतं. एसआरए आणि जीईओ या खुल्या डेटाबेसवर खरा डेटा आहे. रीड्स जीनोमवर जुळवणारं स्टार हे सॉफ्टवेअर मानवी जीनोमवर चालवायला ३० जीबीच्या आसपास रॅम लागते, पण जीन्सचं प्रमाण थेट मोजणारं सॅमन त्याहून बऱ्याच कमीत भागवतं. घरी मिळत नाही ती उलटतपासणी: ‘हा नमुना बाहेर का काढला?’ असं विचारणारं कुणी.

दाव्यातला एक भाग मात्र मान्य. आधीच प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्याला फक्त स्वतःचा डेटा बघायचा असेल, तर आर (संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि लिनक्सचे छोटे कोर्स पुरतात. आणि दोन वर्षं डेटाबेसची नावं पाठ करून घेणाऱ्या, ब्लास्टचा (सारखे सीक्वेन्स शोधणाऱ्या साधनाचा) वेब-फॉर्म भरायला लावणाऱ्या पदव्याही आहेत; त्या टाळाव्यातच.

प्रवेशाआधी अभ्यासक्रमात लिनियर मॉडेल्स (वेगवेगळ्या घटकांचे परिणाम मोजायचं संख्याशास्त्र) शिकवतात का ते बघा. क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) स्वतः जॉब टाकायला मिळतात का, प्रबंधाला किमान सहा महिने मिळतात का, हे विचारा. मग मागच्या दोन बॅचच्या प्रबंधांची शीर्षकं मागवा. ‘अमुक प्रथिनाचं डॉकिंग’ (औषधाचा रेणू प्रथिनावर कसा बसतो ते संगणकावर बघणं) हाच साचा नाव बदलून दहादा दिसला, तर दुसरीकडे अर्ज करा.