आधी गार, मग गरम

दिवाळीला आमचे साडू पुण्याहून आमच्याकडे जळगावला आले ते फोनमध्ये यादी घेऊनच. मनुदेवी, उनपदेव, पाल, हतनूर, चांगदेव. सगळं एका दिवसात. मी म्हटलं, साडूभाऊ, पाल रावेर तालुक्यात, उनपदेव चोपड्याकडे, चांगदेव पार तिकडे तापी-पूर्णेच्या संगमावर. तुम्हाला जिल्हा बघायचाय की गाडीची काच? तर म्हणाले, "आता आलोच आहोत तर..."

हे 'आलोच आहोत तर' म्हणजे आपल्या सहलींना लागलेलं ग्रहण आहे. पाच ठिकाणी पाच फोटो, वाटेत लेकरांच्या उलट्या, आणि रात्री दहाला घरी येऊन कोण कुणामुळे लेट झालं यावर भांडण. माझं मत ऐका, पटलं तर घ्या. दोन ठिकाणं, अर्धा दिवस, दुपारचं जेवण घरी. आणि ती दोन ठिकाणंही उगाच जवळ आहेत म्हणून नाही, एकमेकांशी काही नातं असलेली घ्यायची.

मनुदेवी आणि उनपदेव ही माझी जोडी. दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याला. एक यावल तालुक्यात, एक चोपड्यात अडावदजवळ. मनुदेवीला डोंगर वरून गार पाणी सोडतो, धबधब्याचं; उनपदेवला तोच डोंगर खालून गरम पाणी काढून देतो. दोन्ही एकाच सकाळी अंगावर घेता येतात, मग तिसरं काय पाहिजे?

सहाला जळगाव सोडलं. विदगावच्या पुलावर तापीतून वाफ निघत होती. साडूंना तिथंच उतरायचं होतं, उतरू दिलं नाही. पुलापलीकडे केळीच केळी. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग वाढीला लागलेली, मधूनमधून कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरताना लावायच्या केळीची, नुकती लावलेली रोपं. धानोऱ्याला चहा घेतला, आणि नेहमीचा वाद तिथंच निघाला, कारण इथून मनुदेवी एका हाताला आणि उनपदेव दुसऱ्या हाताला. आधी कुठं?

आधी मनुदेवी. यावर चर्चा नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही उलटं केलं होतं. उनपदेवला मनसोक्त आंघोळ झाली, अंग असं सैल पडलं की मनुदेवीला पोचेपर्यंत धाकटी झोपलेली, थोरला गाडीतून उतरायला तयार नाही, आणि मी पोरगी खांद्यावर टाकून धबधब्यासमोर उभा. बायको म्हणाली, "झालं दर्शन? चला." गरम पाण्यानंतर माणूस कामाचा राहत नाही, हे साधं गणित तेव्हा सुचलं नव्हतं.

आडगाववरून आत वळलं की शेतं संपतात आणि डोंगर अंगावर येतो. देवळासमोरच कड्यावरून पाणी पडतं. कार्तिकात धार बारीक झालेली असते, ती मला जास्त आवडते. श्रावणातला धबधबा फोटोला चांगला, पण डोंगरात वर कुठं पाऊस झाला ते खाली कळत नाही आणि नाले बघता बघता भरतात. लहान पोरं घेऊन मी त्या दिवसांत जात नाही. नवरात्रातही नाही, तेव्हा माणसांचाच पूर असतो.

देवीची आख्यायिका साडूंना वाटेत सांगितली होती. ईश्वरसेन नावाचा गवळी राजा होता म्हणे. गाई इतक्या की काही पाण्याला तापीवर न्यायच्या, काही नर्मदेवर. मग मानमोडीची साथ आली आणि राजाने देवीला साकडं घातलं. साडूंनी लगेच नकाशा उघडून तापी ते नर्मदा अंतर मोजायला घेतलं. पुण्याला राहून माणसाचं असं होतं.

आता एक गोष्ट नकाशात दिसत नाही. सातपुड्यातून पावसाळ्यात खाली येणारं बरंचसं पाणी तापीपर्यंत पोचतच नाही. पायथ्याला डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे, पाणी त्यात मुरतं. यावल-रावेरची केळी याच मुरलेल्या पाण्यावर उभी राहिली. आमचे आजोबा सांगायचे, विहिरीत वाकून बादली भरायची. आज बोअर किती फूट गेलं हे शेतकरी पैजेसारखं सांगतात, आणि या पट्ट्यात जमिनीखालच्या पाण्याचा फार उपसा झालाय. म्हणून त्या बारीक धारेखाली उभं राहिलं की मला नुसतं छान वाटत नाही, थोडं हिशोबाचंही वाटतं.

सव्वानऊला निघालो. वाटेत एक पावरा आदिवासी बाई सीताफळं घेऊन बसली होती. साडूंनी भाव केला, मला लाज वाटली.

उनपदेवला गोमुखातून गरम पाणी कुंडात पडतं. पहिल्यांदा पाय टाकला की पटकन वर घेतला जातोच, मग हळूहळू अंगाची सवय होते. शरभंग ऋषींच्या अंगावरच्या व्याधीसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा. भूगर्भवाल्यांचं म्हणणं वेगळं: सातपुडा आणि तापीच्या खोऱ्याच्या बाजूने जमिनीत खोल भेगा आहेत, पावसाचं पाणी त्यातून खाली जातं, तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. खाली एक किलोमीटर गेलं की साधारण 25 ते 30 अंश वाढतात. म्हणजे ज्वालामुखी वगैरे काही नाही, नुसती खोली. थोरल्याने विचारलं, "मग हे पाणी किती दिवसांपूर्वी पडलेल्या पावसाचं?" या प्रश्नासाठी मी त्याला सीताफळ दिलं.

राग एकाच गोष्टीचा येतो. कुंडात साबण, शाम्पूच्या पुड्या, आणि कडेला स्पीकरवर गाणी. एका काकांना म्हटलं, साबण नका लावू, तर म्हणाले, "आंघोळीलाच तर आलो ना भो!" यावर काय बोलणार? बायकांनी साडीचा आडोसा धरून कपडे बदलले. सोबत दोन जास्तीच्या चादरी ठेवाच, आणि म्हाताऱ्या माणसांना, बीपीवाल्यांना फार वेळ बसू देऊ नका, उठताना चक्कर येते. सासूबाईंना दहा मिनिटांत बाहेर काढलं तर त्या माझ्यावर अजून रुसलेल्या आहेत.

अकराला गाडीत बसलो. साडू म्हणाले, "अजून दिवस बाकी आहे. पाल?" कुणी उत्तर दिलं नाही, कारण विदगाव यायच्या आत मागची सगळी सीट झोपली होती. घरी बामणोदची वांगी भाजून तयार होती. भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वर कांद्याची पात. दीड वाजता पानावरून उठलो. साडू हॉलमध्येच आडवे झाले ते पाचला उठले, आणि उठल्या उठल्या विचारलं, "थोडं भरीत उरलंय का?"