मोहरीचं तेल, माशीमा आणि आमचा फॅमिली ग्रुप

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तेलावरून जुंपली. निमित्त काय तर नवऱ्याचा लिपिड रिपोर्ट, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १५८. मग काय, काकांनी लगेच फॉरवर्ड टाकला की रिफाइंड म्हणजे विष, लाकडी घाण्याचं आणा, आत्या म्हणाल्या खोबरेलात स्वयंपाक करा, आणि न्यू जर्सीच्या भावजींनी तिकडच्या मोहरीच्या तेलाच्या बाटलीचा फोटो टाकला, लेबलवर इंग्रजीत छापलेलं की फक्त बाहेरून लावण्यासाठी. खाली लिहिलं, "वहिनी, तुम्ही हे सहा वर्षं दादाला खायला घातलंत!!"

हो घातलं, आणि अजूनही घालते. म्हणून ही लांबलचक पोस्ट, कंटाळा येईल त्यांनी पुढे सरका.

आम्ही कोलकात्याला बेहालात सहा वर्षं होतो. पहिल्या आठवड्यात जिन्यातून येणाऱ्या त्या वासानेच माझं डोकं चढायचं, मी आपली पुण्याहून नेलेल्या शेंगदाणा तेलात मासे करायचे आणि वरच्या मजल्यावरच्या माशीमा (म्हणजे मावशी) एक घास खाऊन "भालो" (छान) म्हणायच्या, बास, दुसरा घास नाही. मग एकदा हट्टाने मोहरीचं तेल आणलं, जरा गरम झालं की रुई म्हणजे रोहू माशाचे तुकडे सोडले, आणि अख्खं कालवण उग्र लागलं, टाकून द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी माशीमा येऊन माझ्या शेगडीपाशी उभ्याच राहिल्या. मी तुकडा उचलला की हात धरायच्या, "तेल पाकेनि एखोनो, दाँडाओ." म्हणजे तेल अजून झालं नाही, थांब. कढईत आधी बारीक फेस दिसतो, मग तो विरतो, गडद पिवळा रंग फिकट होतो, आणि कडेने धुराची एक पातळ रेघ उठते. तेवढ्यात गॅस बारीक करायचा आणि हळद-मीठ चोळलेला तुकडा कडेने अलगद सोडायचा. या तेलाला एवढं तापणं झेपतं, पण धूर दिसल्यावरही तसंच ठेवलं तर वासही बिघडतो आणि तेलही.

पण खरी गंमत न तापवलेल्या तेलात आहे. आलू भाते म्हणजे भातात उकडलेला बटाटा, कुस्करून त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि वरून चमचाभर कच्चं तेल. पहिला घास आणि थेट नाकातून मेंदूत. याला ते झाँझ म्हणतात. मला एकदम आजी आठवली, लोणच्यासाठी मोहरी फेसायची तेव्हा आम्ही सगळे डोळे पुसत पळायचो ना, तोच झणका! आणि प्रकारही तोच आहे, मोहरी भरडून पाणी लागलं की तिच्यातलं एन्झाइम जागं होतं आणि तो झणका तयार होतो, म्हणून कच्च्या घाणीत बिया भरडताना पाण्याचा हात लावतात. रिफाइंड केलं की तो झणका जातो. शोर्षे इलिश (मोहरीतला हिलसा मासा), भापा (वाफवलेला मासा), झालमुडी (तिकडची भेळ), कासुंदी (मोहरीची चटणी), सगळ्याचा जीव त्या झणक्यात आहे. सूर्यफूल तेलातलं भापा मी खाल्लंय, सांगण्यासारखं काही नाही.

आता भावजींचं लेबल. ते खोटं नाहीये. मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल नावाचा चरबीचा एक घटक असतो, आपल्याकडच्या मोहरीच्या जुन्या वाणांत तर ४० टक्क्यांच्या वर. १९७० च्या आसपास उंदरांना ते भरपूर खायला घातलं तर त्यांच्या हृदयाच्या स्नायूत चरबी साठलेली दिसली, म्हणून अमेरिका त्याला खायचं तेल मानत नाही, आणि कॅनडावाल्यांनी तर मोहरीच्याच जातकुळीतल्या रेपसीडचं इरुसिक २ टक्क्यांच्या खाली असलेलं वाणच काढलं, तेच ते कॅनोला. फक्त उंदराला हे आम्ल नीट पचत नाही, माणसाला त्याच्यापेक्षा बरं पचतं, आणि माणसाच्या हृदयाला तसं नुकसान होतं हे सिद्ध झालेलं नाही. २००४ मध्ये दिल्ली-बंगलोरच्या पेशंटांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात मोहरीचं तेल वापरणाऱ्यांत हृदयविकार उलट कमी दिसला. वर त्यात ओमेगा ३ हे चांगलं फॅट असतं, जे आपल्या शेंगदाणा आणि करडई तेलात जवळपास नसतंच (आपल्याकडे ते जवसाच्या चटणीत असतं, ती मुलं खात नाहीत ते सोडा). पण या एका अभ्यासावर नाचायचं काही कारण नाही, मोहरीचं तेल खाणाऱ्याचं बाकीचं ताटही वेगळं असतं की!

माझ्या मते खरी भीती भेसळीची. पिवळ्या धोत्र्याचं बी दिसायला मोहरीसारखंच, त्याचं तेल मिसळलं की पाय सुजतात, हृदयावर ताण येतो. कलकत्त्यात हा आजार १८७७ मध्येच नोंदला गेलाय, आणि १९९८ मध्ये दिल्लीत त्याने ६० च्या आसपास माणसं गेली, हजारो आजारी पडली. ते काय कारखान्यातलं रिफाइंड नव्हतं, मोहरीचंच होतं, "पारंपरिक". त्यामुळे आमच्या कोपऱ्यावरचा घाणेवाला "मॅडम यात झिरो कोलेस्टेरॉल" म्हणाला की मला हसू येतं. अहो, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं. बी कुठून येतं आणि तेल कधी काढलं ते सांगा ना, ते विचारलं की दादा गल्ल्याकडे वळतात.

आणि बंगाली जेवण हेल्दी असं पण मी म्हणणार नाही हां. कोशा मांगशोवर (परतून केलेल्या मटणावर) तेल सुटून वर आलं नाही तर पाहुणे नाराज, आपल्याकडे रश्श्यावर कट नसला की होतात तसेच. लुची (मैद्याची पुरी) कित्येक घरांत डालड्यात तळली जायची, म्हणजे त्यात हृदयाला वाईट असं ट्रान्स फॅट. गल्लीतल्या तेलेभाजाच्या (भज्यांच्या) कढईतलं तेल सकाळी पिवळं आणि संध्याकाळी चहाच्या रंगाचं, आणि मी तिथे रोज उभी, बेगुनी म्हणजे वांग्याची भजी खात. त्यात मोहरीच्या तेलाची काय चूक? कुठलंही तेल दिवसभर उकळलं की वाट लागणारच.

तर एलडीएल १५८ चा मुद्दा. रात्री बसून हिशोब केला. आम्ही तिघं, महिन्याला ४ लिटर तेल, म्हणजे साधारण ३६०० ग्रॅम, म्हणजे माणशी दिवसाला ४० ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला २० ते ३० पुरतं. यात ऑफिसखालचे वडे धरलेलेच नाहीत, आणि ते वडे कोण खातं हे ग्रुपवर सगळ्यांना माहितीये. माशीमांच्या घरी ओट्यावर तेलाची छोटी बाटली असायची, रोजच्या पातळ झोलाला (रश्श्याला) त्या दोन चमचे मोजून घालायच्या, आणि पाँचफोरन (पाच मसाल्यांची फोडणी) तडतडलं की झालं. सणाला मात्र हात मोकळा. आमच्याकडे रोजच सण.

या महिन्यापासून ३ लिटर आणतेय, २ शेंगदाण्याचं आणि १ मोहरीचं. मोहरीचं माशाला आणि वांगं भाजलं की वरून कच्चं. आणि कृपा करून कोणी मला खोबरेलाचे फॉरवर्ड पाठवू नका, मी कोकणातली आहे, सोलकढी-खोबरं सगळं प्रेमाने खाते, पण त्या तेलात सॅच्युरेटेड फॅट ८० टक्क्यांच्या वर आहे, त्याने एलडीएल वाढतं, आणि नवऱ्याचा आकडा तुम्ही वर वाचलाच आहे.

बाकी, भावजींचा तो फोटो मी झूम करून बघितला. बाटली अर्धी संपलेली, आणि मागे गॅसवर कढई. बाहेरून लावताय ना भावजी?